२८,००० पगार, कार्डाचं कर्ज आणि दशमांश: आधी काय?

सलाम. तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. वय २५, गाव राहुरी तालुक्यात, डिप्लोमा करून चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला नोकरी. पॅकेज ३ लाख ९० हजारांचं, हातात येतात २८,०००. खोलीचा वाटा लाइटबिलासह ४,०००, मेस ३,५००, पेट्रोल १,८००, रिचार्ज ३५०, घरी पाठवता ७,०००, फोनचा हप्ता २,२०० (अजून पाच बाकी). क्रेडिट कार्डावर ४०,००० साचलेत आणि तुम्ही दरमहा ‘मिनिमम ड्यू’ तेवढा भरताय. चाकणच्या ख्रिस्ती फेलोशिपमध्ये सांगतात की दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला द्यायचा तो, हातातल्या पगारावर नाही, पूर्ण पगारावर द्यायचा, म्हणजे ३,०००. गावच्या मंडळीच्या (चर्चच्या) बांधकाम निधीला नाताळात उभं राहून १०,००० चा शब्द दिलाय. वर एक सहकारी पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहा म्हणून मागे लागलाय. आणि तुम्ही विचारताय: आधी दशमांश की आधी कर्ज? बचत करणं म्हणजे देवावरचा अविश्वास का? काटकसर करता करता मी चिक्कू होतोय का?

तुमचेच आकडे एकाखाली एक लिहून बघा. खोली, मेस, पेट्रोल, रिचार्ज, घर आणि फोनचा हप्ता मिळून १८,८५० होतात. उरतात ९,१५०. कार्डाचे किमान २,००० गेले तरी हातात ७,१५० राहायला हवेत. तुम्ही मात्र लिहिता की वीस तारखेनंतर खिसा रिकामा असतो आणि दान ‘जमेल तसं’ होतं. म्हणजे दरमहा सात हजार रुपये कुठं जातात ते तुम्हाला सांगता येत नाही. दशमांश पाच टक्के की दहा, पूर्ण पगारावर की हातातल्या, हे सगळं या सात हजारांचा पत्ता लागल्यावर सोपं होतं. तोपर्यंत कितीही टक्के ठरवले तरी दर रविवारी दानाच्या थैलीसमोर अपराधीच वाटणार.

काही गोष्टी मला इथून ठरवता येणार नाहीत. तुमची मंडळी दशमांशाला आज्ञा मानते की नमुना, हे मंडळीगणिक बदलतं. तुम्ही देवासमोर तसा नवस केला असेल तर तो वेगळा विषय. घरचे ७,००० आईवडिलांच्या पोटाला लागतात की वरखर्चाला, हेही तुम्हालाच माहीत. शिवाय नोकरी पर्मनंट आहे की ठेकेदाराकडून, यावर गंगाजळी किती हवी ते ठरतं. बहीण बारावीला आणि शेती कोरडवाहू असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून ते ७,००० अत्यावश्यक आहेत आणि नोकरी कायम आहे असं धरून पुढचं लिहितो. तसं नसेल तर आकडे हलतील, क्रम तोच राहील.

सुरुवात कार्डापासून. तुमच्या स्टेटमेंटवर व्याजदर महिना साडेतीन टक्के आहे असं तुम्ही म्हणता. ४०,००० वर महिन्याचं व्याज १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२, एकूण १,६५२. तुम्ही भरता २,०००. मुद्दल उतरतं ते ३४८. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: मागची बाकी पूर्ण फेडलेली नसेल तर नव्या खरेदीला ती पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज धावतं. म्हणून त्या कार्डावर भरलेलं साधं पेट्रोलसुद्धा महाग पडतं.

यावर उपाय असा. बँकेच्या अॅपमध्ये किंवा कस्टमर केअरला विचारून पूर्ण बाकी हप्त्यांत बदलून घ्या. दर साधारण सोळा-अठरा टक्के पडतो, वर प्रोसेसिंग फी. बारा महिन्यांचा हप्ता ३,७०० च्या आसपास बसेल, म्हणजे एकूण ४४-४५ हजारांत सुटका. तेच हप्त्यात न बदलता महिन्याला ३,५०० भरत राहिलात तर सोळा महिने लागतील आणि ५५ हजार जातील. हप्ते करताना दोन गोष्टी विचारा: फी किती, आणि मध्येच पूर्ण फेडलं तर दंड किती. कार्ड खरेदीच्या आणि यूपीआयच्या सगळ्या अॅपमधून काढून टाका, नाहीतर हप्ते फेडता फेडता वर नवी बाकी चढते. हे फार वेळा होतं. शेवटचा हप्ता गेला की कार्ड बंद करायची लेखी विनंती करा. ‘फ्लॅट’ दराच्या वैयक्तिक कर्जानं कार्ड फेडू नका. ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’ म्हणजे लाखाला दोन वर्षांत २४,००० व्याज आणि ५,१६७ हप्ता. मुद्दल दरमहा घटत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर घेतलं जातं, म्हणून तो दर प्रत्यक्षात साडेएकवीस टक्क्यांच्या पुढं जातो.

आता दशमांश. पूर्ण पगारावर की हातातल्या, यावर तरुण संघात तासन्‌तास वाद होतात. तुमच्या बाबतीत फरक किती ते बघा. पूर्ण पगार ३०,०००, त्यातून पीएफ १,८०० (मूळ वेतन १५,००० च्या १२ टक्के) आणि व्यवसाय कर २००. नव्या करपद्धतीत या उत्पन्नावर आयकर नाही. म्हणजे एका हिशेबानं ३,०००, दुसऱ्यानं २,८००. वाद दोनशे रुपयांचा! माझं मत असं की हातात आलेल्यावर धरा, आणि पीएफ ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी त्यावर विचार करा. आत्ताच पूर्ण पगारावर देत असाल तर पीएफ मिळताना स्वतःच्या कपातीवर पुन्हा द्यायची गरज नाही, कंपनीचा हिस्सा आणि व्याज एवढ्यावरच बघा. कागदावर पॅकेज ३ लाख ९० हजार दिसतं, त्याच्या बाराव्या भागावर दशमांश काढू नका. त्यात कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद मोजलेली असते, ते पैसे तुम्ही पाहिलेलेही नाहीत.

टक्क्यांबद्दल. बायबलच्या जुन्या करारातला दशमांश धान्याचा, फळांचा, गुराढोरांचा होता (लेवीय २७). तो लेव्यांना, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाला, जात असे (गणना १८), त्यातून देवापुढं कुटुंबानं मिळून जेवायचंही होतं आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातल्या परक्यासाठी, अनाथासाठी, विधवेसाठी ठेवायचा होता (अनुवाद १४). नव्या करारात प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला टक्के सांगत नाही. मनात ठरवल्याप्रमाणं द्या, कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून नको, आणि जे जवळ आहे त्यावरून ते मान्य होतं, जे नाही त्यावरून नाही, असं सांगतो (२ करिंथ ८ आणि ९). हे शेवटचं वाक्य तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. ‘जे नाही’ ते म्हणजे कार्डाची मर्यादा. आज ३,००० दिलेत आणि त्यामुळं वीस तारखेला किराणा कार्डावर आला, तर ते दान तुमच्या खिशातून गेलेलं नाही, बँकेच्या खिशातून गेलंय, तेही महिना साडेतीन टक्क्यांनी.

म्हणून मी उलट बाजूनं हिशेब करतो: कार्डाला हात न लावता किती देता येतं? तुमचा महिना असा बसतो. राहणं, खाणं, पेट्रोल, रिचार्ज ९,६५०. घरी ७,०००. फोन २,२००. कार्डाचा हप्ता ३,७००. वर्षभराच्या खर्चाचा डबा २,००० (त्यावर खाली येतो). हातखर्च १,५००. झाले २६,०५०. उरले १,९५०. यातले १,४०० दान, म्हणजे हातातल्या पगाराच्या बरोबर पाच टक्के, आणि ५५० गंगाजळीला. २,८०० द्यायचे ठरवले तर ८५० कमी पडतात, तेही गंगाजळी शून्य ठेवून. ते ८५० कुठून येतील ते तुम्हाला माहीत आहे.

हे पाच टक्के कायमचे नाहीत. पाच महिन्यांनी फोनचे हप्ते संपतात आणि २,२०० मोकळे होतात. त्यातले १,४०० दानात घाला, सहाव्या महिन्यापासून पूर्ण दहा टक्के झाले. ५०० बांधकाम निधीला, ३०० गंगाजळीला. पाच महिने नियमानं १,४०० देणं हे कधी ३,००० तर कधी शून्य देण्यापेक्षा बरं, आणि मंडळीच्या खजिनदारालाही तेच सोयीचं असतं, कारण पाळकांचा (धर्मगुरूंचा) पगार आणि वीजबिल दर महिन्याला ठरलेलं असतं. हे ऐकून कुणी म्हणेल की विश्वासानं आधी दहा टक्के द्या, बाकी देव बघेल. तुमची सदसद्विवेकबुद्धी तेच सांगत असेल तर द्या, मी आडवा येणार नाही. फक्त ते ८५० फेडता येतील असे कुठून काढणार ते आधी लिहून ठेवा: घरी जाण्याची एखादी फेरी कमी, हातखर्च ६५० वर. ‘कुठून तरी येतील’ हे उत्तर चालणार नाही, कारण कार्ड हेच तुमचं ‘कुठून तरी’ झालंय.

घरचे ७,००० कापून दशमांश पूर्ण करावा का, असंही तुम्ही विचारलंय. नको. मार्कच्या सातव्या अध्यायात ‘कुर्बान’ म्हणून आईबापांचा हिस्सा देवाला वाहिला असं सांगणाऱ्यांना येशूनं काय सुनावलंय ते वाचा. आईवडिलांना देणं ही तुमची जबाबदारी, मंडळीला देणं वेगळं, दोन्ही वेगळ्या ओळींत लिहा. घरचे पैसे दशमांशात मोजायचे का, यावर पाळकांची मतं वेगवेगळी आहेत. मी मोजत नाही, कारण एकदा मोजायला लागलं की बहिणीची फी, भावाचा मोबाइल सगळंच ‘दान’ होतं.

सात हजारांच्या गळतीचं मूळ बहुतेक वेळा चहा-वडापावमध्ये नसतं. वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च महिन्याच्या हिशेबात धरलेले नसतात, ते आले की कार्ड निघतं. तुमच्या वर्षाचा अंदाज असा: नाताळ ८,००० (घरच्यांचे कपडे, फराळ, केक, चांदणी-रोषणाई, पाहुणे), लग्नांचे आहेर आणि प्रवास ४,०००, गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, एखादं टायर ५,०००, ईस्टर आणि हंगामाचा सण (पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा) २,०००, औषधपाणी ३,०००, स्वतःचे कपडे-चपला २,०००. बेरीज २४,०००, भागिले बारा, २,०००. ही रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात गेली पाहिजे. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, तरी डिसेंबरच्या स्टेटमेंटमध्ये तो अचानक आल्यासारखा दिसतो. हंगामाच्या सणात मंडळीला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात उत्साहानं भोपळ्याला हजार रुपये बोलणारेही असतात. बोला, पण डब्यात असतील तेवढेच.

खात्यांची मांडणी साधी ठेवा. पगाराचं एक खातं, दुसरं कुठल्याही बँकेचं शून्य शिल्लक चालणारं. पगार जमा झाला त्याच संध्याकाळी या क्रमानं पैसे हलवा: दान, घर, खोली, मेस, वर्षभराचा डबा, गंगाजळी. हप्त्यांचे पैसे पगाराच्या खात्यात राहू द्या, ते तिथूनच कापले जातात. हातखर्च, पेट्रोल आणि रिचार्ज मिळून ३,६५० दुसऱ्या खात्यात टाका आणि फोनवरचं यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडा. पगाराच्या खात्याचं यूपीआय काढून टाका. शिल्लक दिसत राहिली की हात जातोच, आणि अॅपवर शंभर-दोनशे जाताना कळत नाही. दान आधी का, तर शेवटी ठेवलं की ते उरलंसुरलं होतं. पौलही आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवायला सांगतो (१ करिंथ १६). चार रविवार धरले तर ३५० चं एक पाकीट पडतं. पाचवा रविवार आला तर त्या दिवशी रिकाम्या हातानं बसायला लाज वाटू देऊ नका.

शब्द दिलेल्या दहा हजारांचं. उपदेशकाच्या पाचव्या अध्यायात नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा असं म्हटलंय, आणि तुम्हाला तेच टोचतंय. शब्द मागे घेऊ नका, त्याची मुदत बदला. गावच्या पाळकसाहेबांना किंवा खजिनदारांना चार ओळींचं पत्र द्या: ‘नाताळात सांगितलेले १०,००० मी अमुक महिन्यापासून दरमहा ५०० प्रमाणे वीस महिन्यांत देईन.’ निधी समितीला तारीख असलेला छोटा आकडा हवाहवासा असतो, कारण तोंडी मोठ्या आकड्यांवर गवंडी-सिमेंटवाल्यांना शब्द देऊन समित्या अडचणीत येतात. पुढच्या वेळी सभेत हात वर करण्याआधी घरी बसून आकडा ठरवा. बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करणाऱ्याचा दाखला (लूक १४) दान देणाऱ्यालाही लागू आहे.

पावतीचं. मंडळीच्या नावाच्या खात्यात द्या आणि पावती घ्या. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत मंडळ्या सार्वजनिक न्यास कायदा १९५० खाली येतात, त्यांचे हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. पाळकांच्या वैयक्तिक यूपीआयवर पाठवलेले पैसे ही त्या व्यक्तीला दिलेली भेट असते. ती द्यायलाही हरकत नाही, कितीतरी पाळक तुटपुंज्या मानधनावर संसार चालवतात. पण ते कोणत्या नावानं देताय हे तुम्हाला आणि त्यांना, दोघांनाही स्पष्ट असू द्या. करसवलतीच्या भरवशावर दान ठरवू नका. एका विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला दानावरच्या करसवलतीची मान्यता (जुन्या आयकर कायद्यातलं ८०जी) मिळत नाही, आणि नव्या करपद्धतीत ही सवलत तशीही नाही. ‘अमुक रकमेचं बी पेरा, शंभरपट कापणी येईल, कर्ज आपोआप फिटेल’ असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात दशमांश ज्या कोठारात आणायला सांगितलाय ते मंदिरातल्या सेवकांच्या अन्नासाठी होतं. त्या वचनावर कार्डाचं कर्ज मिटवण्याची स्कीम उभी करणं मला पटत नाही. पहिला पूर्ण पगार ‘प्रथमफळ’ म्हणून मागण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. तुमचा पहिला पगार होऊन गेलाय, पण पगारवाढ झाली की हाच प्रश्न येईल. तेव्हा पहिल्या महिन्याची फक्त वाढीची रक्कम द्या. त्यानं भाडं थकत नाही.

बचत म्हणजे अविश्वास का, या प्रश्नाला लोक दोन्ही बाजूंची वचनं फेकतात: एकीकडं मुंगी (नीतिसूत्रे ६) आणि सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा साठवणारा योसेफ (उत्पत्ती ४१), दुसरीकडं मोठी कोठारं बांधणारा मूर्ख धनवान (लूक १२). मला त्यातला फरक असा दिसतो: योसेफाच्या धान्याला कारण होतं, मुदत होती आणि खाणारे दुसरे होते. म्हणून गंगाजळीला आधी आकडा द्या. तुमचं अत्यावश्यक म्हणजे राहणं-खाणं ९,६५० आणि घर ७,०००, मिळून १६,६५०. तीन महिन्यांचे साधारण ५०,०००. पहिले पाच महिने ५५०, मग ८५०, वर्षाअखेर ८,७०० जमतील. बाराव्या महिन्यात कार्ड संपलं की ते ३,७०० पण इकडं वळवा, अजून नऊ-दहा महिन्यांत पन्नास हजार होतात. नोकरी गेली किंवा वडील आजारी पडले तर हे पैसे कार्डाच्या जागी उभे राहतात. त्यापुढं साठवायचं ते नावानं साठवा: बहिणीचं शिक्षण, लग्न, घराचं छप्पर.

गंगाजळी बँकेच्या किंवा पोस्टाच्या आवर्ती ठेवीत ठेवा. पतसंस्था एक-दीड टक्का जास्त देते म्हणून मोह होतो. पण बँकेतल्या, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला ठेव विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. आपल्या जिल्ह्यात ठेवीदारांचे मोर्चे बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मित्रांच्या भिशीतही गंगाजळी घालू नका, नंबर लागेपर्यंत आजारपण थांबत नाही.

काटकसर आणि चिक्कूपणा. मी एवढंच तपासतो: कमी खर्चाचा भार कुणावर पडतोय? तुम्ही जुना मोबाइल आणखी तीन वर्षं वापरला तर भार तुमच्यावर. खोलीतल्या गॅसचे, पाण्याच्या जारचे पैसे द्यायची वेळ आली की बाहेर जाऊन उभं राहणं, मेसवाल्या मावशींचे पैसे पंधरा दिवस लांबवणं, हा दुसऱ्याच्या खिशातून केलेला काटकसरीचा हिशेब. तुमच्या महिन्यात खरी कपात दोन ठिकाणी आहे. एक, घरच्या फेऱ्या. चाकण-राहुरी जाऊन-येऊन गाडीवर तीनशे किलोमीटर, साडेसहा-सात लिटर पेट्रोल, म्हणजे सातशे रुपये. १,८०० मध्ये महिन्याला एक फेरी बसते, दोन बसत नाहीत. दोन, मेस बंद असते त्या रविवार संध्याकाळची आणि सुट्टीच्या दिवसाची बाहेरची जेवणं. दीडशे-दोनशेप्रमाणं आठ वेळा धरलं की बाराशेच्या वर गेले. तिघांत मिळून एक इलेक्ट्रिक कुकर घ्या. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, आठ-नऊ वाट्या पाणी, हळद, मीठ, घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी. तिघांचं जेवण शंभराच्या आत होतं.

कपात कुठं करायची नाही तेही सांगतो: शिकण्यावर. क्वालिटीत राहून फक्त व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हातात धरणारा आणि सीएमएम (सुट्या भागांची अचूक मापं घेणारं मशीन) चालवणारा, ड्रॉइंगवरची जीडी अँड टीची (आकार आणि मापात किती फरक चालेल ते सांगणारी) चिन्हं वाचता येणारा, यांच्या पगारात वर्ष-दोन वर्षांत अंतर पडतं. महिन्याचे दोनशे वाचवण्यापेक्षा हे जास्त कामाचं. आधी कंपनीतच विचारा, मशीन आहे तिथं दुसऱ्या शिफ्टला शिकवणारा सापडतो. ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळतो, पण तो २८,००० च्या हिशेबात धरू नका. ऑर्डर कमी झाली की तो पहिला बंद होतो. आला की त्याचा दशमांश काढा, उरलेल्यातला अर्धा गंगाजळीला, अर्धा तुमचा.

तुमची सुट्टी गुरुवारी आणि रविवारी ड्यूटी, म्हणून उपासना चुकते असं लिहिलंय. सुपरवायझरला ‘मी ख्रिस्ती आहे, रविवारी येणार नाही’ असं सांगून प्रश्न चिघळतो. त्याऐवजी ‘महिन्यातले दोन रविवार मला दुसरी शिफ्ट द्या, बदल्यात दिवाळीच्या आठवड्यात मी सगळ्या शिफ्ट करतो’ असा व्यवहार मांडा, दिवाळीत माणूस मिळत नसतो. उरलेल्या रविवारी संध्याकाळची भक्ती कुठल्या मंडळीत असते ते शोधा.

पगार वाढेल तेव्हाची एक गोष्ट. मेथॉडिस्ट मंडळ्यांत त्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्लींबद्दल सांगतात की वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा ते २८ मध्ये भागवून २ देत. पुढं ६० झाले, ९० झाले, तरी खर्च २८ वरच ठेवला. ते तेव्हा सडेफटिंग होते, तुमच्यावर घर आहे, त्यामुळं जसंच्या तसं जमणार नाही. पण वाढीचं पत्र हातात पडण्याआधी खर्चाची कमाल मर्यादा लिहून ठेवणं जमतं. वाढीतला तिसरा हिस्सा राहणीमानाला, बाकी दोन हिस्से घर, दान आणि साठवणीला, असं बऱ्याच जणांना पेलतं.

जामिनाला सरळ नाही म्हणा. नीतिसूत्रे सहा आणि बावीस या दोन्ही अध्यायांत जामीन राहू नको म्हणून सांगितलंय, आणि कायदाही तितकाच कडक आहे. भारतीय करार कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदार पळाला तरच तुमच्याकडं येतील असं नाही, सोपा सापडेल त्याला धरतात आणि पगारदार माणूस सोपा सापडतो. पतसंस्था सहकार कायद्याच्या १०१ खाली वसुली दाखला काढते, त्यात जामीनदाराचंही नाव असतं. शिवाय पतसंस्था नोंद पाठवत असेल तर ते कर्ज तुमच्या सिबिल अहवालात (कर्जफेडीच्या नोंदीत) दिसू शकतं. सहकाऱ्याला म्हणा, ‘सही मी कुणालाच करत नाही, घरी तसं ठरलंय. माझ्याकडून हे हजार रुपये घे, परत नाही दिलेस तरी चालेल.’ ते हजार हातखर्चातून आणि डब्यातून निघतात, दोन लाखांची सही निघत नाही.

राहिलं पीएफ. नोकरी बदलली की काढू नका, यूएएनवरून (पीएफच्या कायम नंबरावरून) नव्या खात्यात वर्ग करा. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढला तर तो करपात्र होतो, आणि पेन्शनला लागणाऱ्या दहा वर्षांची मोजणीही तुटते. पोर्टलवर ई-नॉमिनेशन केलंय का ते आजच बघा. पीएफ सदस्याला वेगळा हप्ता न भरता ७ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, आणि नॉमिनेशन नसेल तर राहुरीतल्या तुमच्या आईवडिलांना त्यासाठी वारस दाखले घेऊन फिरावं लागेल. बँकेतून वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा, दोन्ही प्रत्येकी २ लाखांचे, तेही सुरू करून घ्या, गंगाजळीच्या पहिल्या महिन्याच्या ५५० मधून ते बसतात. नॉमिनेशनला आईवडिलांचं आधार आणि फोटो, शिवाय तुमचा फोटो लागेल. लग्न झालं की ते पुन्हा भरायचं असतं, पत्रिका छापायच्या यादीत तेवढं लिहून ठेवा.